मुलुंडचा फ्लॅट, अठ्ठावीस तोळे सोने आणि ७५:२५ चा प्रस्ताव : वाटणी न्याय्य कशी ठरवायची?

निशिगंध_मुलुंड (मूळ प्रश्न)

नमस्कार. बरेच महिने इथले धागे नुसते वाचत होते, आज स्वतःचा प्रश्न मांडते आहे.

लग्नाला सोळा वर्षे झाली आणि गेले चौदा महिने आम्ही वेगळे राहत आहोत. अकरा वर्षांची मुलगी माझ्याकडे मुलुंड पूर्वेच्या फ्लॅटमध्ये असते, तर पती ठाण्याला भाड्याच्या घरात राहतात. घटस्फोट परस्पर संमतीने घ्यायचा हे दोघांनीही शांतपणे ठरवले आहे. मारहाण, व्यसन, तिसरी व्यक्ती असे काहीही कारण नाही, आणि म्हणूनच की काय, आता भांडण फक्त हिशेबाचे उरले आहे.

फ्लॅट २०१२ मध्ये ९२ लाखांना घेतला, करारनाम्यावर दोघांची नावे आहेत, मात्र कोणाचा हिस्सा किती हे त्यात कुठेही लिहिलेले नाही. ६८ लाखांचे कर्ज दोघांच्या पगारावर मंजूर झाले. उरलेल्या २४ लाखांपैकी ९ लाख माझ्या ठेवी मोडून आले, ५ लाख माझ्या वडिलांनी दिले आणि १० लाख पतींचे होते. दरमहा सुमारे ६८ हजारांचा हप्ता पहिल्यापासून पतींच्या खात्यातून जातो. वाणसामान, मुलीची फी, कामवाल्या बाई, वीज, औषधे हा खर्च माझ्या पगारातून होत असे. तो सरासरी ३५ हजार तरी असेल. २०१५ ते २०१९ ही चार वर्षे मी मुलीसाठी नोकरी सोडली होती. आज ३१ लाख कर्ज शिल्लक आहे आणि एजंटच्या सांगण्यानुसार फ्लॅटचे दोन कोटी दहा लाख येतील. इमारत जुनी असल्यामुळे पुनर्विकासाची बोलणीही सुरू आहेत.

पतींचे म्हणणे एका वाक्याचे आहे : "हप्ता माझ्या खात्यातून गेला, तुझा पगार घरात संपला." त्यामुळे ७५ टक्के त्यांचे आणि २५ टक्के माझे, असा त्यांचा प्रस्ताव आहे. मला मुलीची शाळा बदलायची नसल्याने हे घर ठेवायचे आहे, पण ७८ हजारांच्या पगारात त्यांचा हिस्सा विकत घेणे मला शक्य नाही.

याशिवाय त्यांचा भविष्य निर्वाह निधी आहे, थोडे शेअर आहेत, संगमेश्वर तालुक्यात वडिलोपार्जित जमीन आहे, आणि माझे अठ्ठावीस तोळे सोने सासूबाईंच्या नावावरच्या लॉकरमध्ये आहे. त्यातले बावीस तोळे माहेरचे आहे. आईने त्याची यादी वाणसामानाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली होती, ती परवा सापडली : पाटल्या ४, बांगड्या ४, तोडे ६, साज ५, चपलाहार ३, खाली रेघ मारून एकूण २२, आणि पुढे बारीक अक्षरात "नथ वेगळी". उरलेले सहा तोळे सासरचे आहे आणि "ते घराण्याचे आहे, तुझे नाही" असे सासूबाईंचे म्हणणे आहे.

कायद्याने काय मिळेल हे तर मला हवेच आहे, पण त्याहून अधिक न्याय्य काय ठरेल हे जाणून घ्यायचे आहे, कारण ओरबाडून काही घ्यायची माझी इच्छा नाही आणि सोडून द्यायचीही नाही.

---

वांद्रे_कचेरी

मी कुटुंब न्यायालयात वकिली करतो. तुमचे कागद पाहिलेले नसल्यामुळे पुढचे सर्व ढोबळ मार्गदर्शन समजावे.

आपल्याकडे पुष्कळांचा असा समज असतो की घटस्फोट झाला की मालमत्तेचे आपोआप निम्मे-निम्मे होते. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या दिवाणी संहितेमुळे पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते, परंतु महाराष्ट्रात तसा कायदा नाही. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला हिस्सा देण्याची तरतूद असलेले विवाह कायदा दुरुस्ती विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत संमत झाले होते, मात्र पुढच्या वर्षी लोकसभा विसर्जित झाल्यावर ते बारगळले. त्यामुळे मालमत्ता ज्याच्या नावावर आणि ज्याच्या पैशातून, त्याची, हाच आजही मूळ नियम आहे. हिंदू विवाह अधिनियम १९५५ च्या कलम २७ चा आवाका मर्यादित आहे. विवाहाच्या सुमारास भेट मिळालेली आणि दोघांच्या सामाईक मालकीची मालमत्ता, एवढ्यापुरतेच ते बोलते. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ थोडा सैल केला आणि लग्नाआधी वा नंतर दोघांच्या वापरासाठी दिलेल्या वस्तूही त्यात धरल्या, तरीही तेरा वर्षांच्या कर्जाचा फ्लॅट त्यात सहज बसत नाही. मात्र कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४ च्या कलम ७ नुसार पती-पत्नींमधला मालमत्तेचा दावा त्याच न्यायालयात चालतो आणि महाराष्ट्रात अशा दाव्यांत स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ आहे, ही अधिसूचना १९९४ पासूनची आहे.

तुमच्या फ्लॅटला खरा लागू होणारा नियम १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात, कलम ४५ मध्ये आहे. दोघांनी मिळून खरेदी केली आणि पैसे सामाईक निधीतून गेले असतील तर त्या निधीत ज्याचा जेवढा भाग तेवढा त्याचा हिस्सा. पैसे वेगवेगळे भरले असतील तर ज्याने जितके भरले त्या प्रमाणात. आणि कोणी किती भरले याचा पुरावाच नसेल तर दोघांचे हिस्से समान मानले जातात. पतींचे ७५:२५ हे या मधल्या वाक्यावर उभे आहे. तुमचे उत्तर पहिल्या वाक्यावर उभे राहायला हवे : तुमच्या घरात दोन पगार वेगवेगळ्या नळांनी येत होते, पण पाणी एकाच टाकीत पडत होते. घरखर्च तुम्ही उचलला म्हणून त्यांच्या खात्यात हप्त्यापुरती रक्कम शिल्लक राहिली, हे दाखवण्यासाठी तुमच्या पगाराच्या खात्याची उताऱ्याची पाने आजच काढून ठेवा, कारण फार जुने उतारे मिळवताना बँकेत हेलपाटे घालावे लागतात. २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तर घर सांभाळणाऱ्या पत्नीच्या श्रमांना पतीने घेतलेल्या मालमत्तेतील योगदान मानून समान हिस्सा दिला होता. तो निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नसला तरी युक्तिवादात ठेवता येतो.

सोन्याबद्दल मात्र माझ्या मनात संदिग्धता नाही. लग्नाच्या वेळी, आधी किंवा नंतर वधूला मिळालेली भेट, मग ती माहेरची असो वा सासरची, हे तिचे स्त्रीधन असते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की ते पतीच्या वा सासरच्या ताब्यात असले तरी ते केवळ विश्वस्त असतात. लॉकर कोणाच्या नावावर आहे याला महत्त्व नाही. सासरच्या सहा तोळ्यांत जर एखादा दागिना कार्यापुरता घालायला दिला आणि परत घेतला असे असेल, तर त्यावर वाद होऊ शकतो. लग्नाच्या छायाचित्रांत जे तुमच्या अंगावर आहे आणि नंतर तुम्हीच वापरत राहिलात, ते तुमचे.

वडिलोपार्जित जमिनीत पत्नी म्हणून घटस्फोटानंतर तुम्हाला हिस्सा मिळणार नाही, परंतु पोटगी ठरवताना पतीची एकूण ऐपत पाहिली जाते आणि तिथे ती जमीन, शेअर, भविष्य निर्वाह निधी असे सगळे हिशेबात येते. निर्वाह निधीवर थेट जप्ती येत नाही, तरी त्याची नोंद लपवता येत नाही. पोटगीच्या दाव्यांत दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचे सविस्तर प्रतिज्ञापत्र द्यावे असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये घालून दिले आहे. संमतीच्या घटस्फोटात एकमेकांना तसेच प्रतिज्ञापत्र स्वखुशीने द्या, असा माझा आग्रह असतो. ज्या जोडप्यांनी हे केले त्यांची बोलणी तीन बैठकींत मिटलेली मी पाहिली आहेत. दुसऱ्या बाजूने हेही सांगायला हवे की पोटगी म्हणजे दोघांची संपत्ती समसमान करण्याचे साधन नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये बजावले आहे.

फ्लॅट, एकरकमी पोटगी आणि मुलीचा खर्च यांची बोलणी वेगवेगळी करू नका. पोटगीवरचा हक्क सोडण्याला किंमत असते आणि ती फ्लॅटच्या टक्केवारीत उतरवता येते. मुलीचा खर्च मात्र तुम्ही सोडून देऊ शकत नाही, कारण तो हक्क तिचा आहे. "आईने भविष्यातील सर्व मागण्या सोडल्या" अशी ओळ मसुद्यात आली तर ती तिथेच खोडून घ्या.

---

खोपटकर

मी तुमच्या पतींच्या जागी उभा राहिलेला माणूस आहे, म्हणून कोणी रागावू नये. तेरा वर्षे महिन्याच्या पाच तारखेला खात्यात ६८ हजार असायलाच हवेत ही धाकधूक काय असते हे हप्ता भरणाऱ्यालाच कळते. नोकरी आवडत नसली तरी सोडता येत नाही, शहर बदलता येत नाही. या जोखमीची किंमत कुठल्या कलमात आहे? घरखर्च दोघांसाठी होता आणि संपला. कर्जाचा हप्ता भिंतीत गेला आणि तो आज दोन कोटी झाला आहे. पंचवीस टक्के कमी वाटत असतील, पण पन्नास टक्के हेही मला पटत नाही. सोने मात्र त्यांनी आजच्या आज परत द्यावे, त्यात बोलण्यासारखे काही नाही.

---

ताळेबंद

खोपटकर यांच्या प्रश्नाला भावनेने उत्तर देण्याऐवजी आकडे मांडतो. माझा व्यवसायच हिशेब तपासण्याचा आहे.

फ्लॅटची आजची किंमत दोन कोटी दहा लाख धरली आणि त्यातून ३१ लाखांचे कर्ज वजा केले, तर वाटायला उरतात एक कोटी एकोणऐंशी लाख. आता "भिंतीत गेलेले" पैसे मोजू. पतींचे सुरुवातीचे १० लाख आणि हप्त्यांतून फिटलेले मुद्दल ३७ लाख असे ४७ लाख झाले. निशिगंधताईंचे १४ लाख. म्हणजे ताईंचा हिस्सा २३ टक्क्यांच्या आसपास. ७५:२५ कुठून आले ते यावरून लक्षात येईल, आणि पतींनी वरचे दोन टक्के उदारपणे दिले असेही म्हणता येईल.

परंतु हा हिशेब अर्धा आहे. तेरा वर्षांत ६८ हजारांप्रमाणे एकूण एक कोटी सहा लाख रुपये गेले आणि त्यातले मुद्दल फक्त ३७ लाख, उरलेले ६९ लाख व्याज. ते व्याज भिंतीत गेले नाही, ते घरात राहण्याचे भाडेच होते आणि घरात तिघे राहत होते. ते जर पतींच्या योगदानात धरायचे तर त्याच घरात, त्याच महिन्यांत, ताईंनी चालवलेला संसारही धरावाच लागेल. नोकरीची नऊ वर्षे, महिना ३५ हजार, म्हणजे जवळजवळ ३८ लाख. आता पतींचे १ कोटी १६ लाख आणि ताईंचे ५२ लाख, म्हणजे ताईंचा हिस्सा ३१ टक्के. चार वर्षे नोकरी सोडली त्या काळातला पगार, समजा महिना ४५ हजार, म्हणजे सुमारे २२ लाख, हे मुलीच्या संगोपनातले योगदान मानले की ताईंचे ७४ लाख होतात आणि हिस्सा ३९ टक्क्यांवर जातो. त्या चार वर्षांनी पुढच्या बढत्या मागे पडल्या, त्याची मोजणी मी केलेलीच नाही. पतींनीही घरखर्चात काही भर घातली असेल, गाडी घेतली असेल, तो आकडा इथे दिलेला नाही, त्यामुळे हे एका बाजूचे गणित आहे हे लक्षात असू द्यावे.

आणखी एक गोष्ट कागदावर आहे पण कोणी बोलत नाही. ६८ लाखांचे कर्ज दोघांच्या पगारावर मंजूर झाले. २०१२ साली पतींच्या एकट्याच्या पगारावर बँकेने ते दिले असते का, हे मंजुरीपत्र काढून पाहा. दिले नसते, तर आजचे दोन कोटी ज्या खरेदीतून उगवले ती खरेदी ताईंच्या सहीशिवाय झालीच नसती. खोपटकर म्हणतात ती जोखीम सहकर्जदारानेही उचललेली असते, कारण हप्ता चुकला तर बँक दोघांनाही धरते. माझ्या मते ४० ते ५० च्या मधला आकडा दोघांनाही शांतपणे झोपू देईल. ४० टक्के म्हणजे सुमारे ७१ लाख ६० हजार आणि ५० टक्के म्हणजे ८९ लाख ५० हजार. वाद खरे तर या अठरा लाखांचा आहे, ७५ आणि २५ चा नाही.

कराबाबत थोडक्यात : पती-पत्नी असताना दिलेल्या भेटीवर घेणाऱ्याला आयकर लागत नाही. एकरकमी पोटगी ही भांडवली प्राप्ती आणि दरमहाची पोटगी हे उत्पन्न, असा भेद मुंबई उच्च न्यायालयाने फार पूर्वीच केला आहे. तुम्ही रोख मोजून पतींचा हिस्सा विकत घेतला तर त्यांना भांडवली नफ्याचा कर पडेल, हे त्यांनीही लक्षात घ्यावे.

---

अनुभवी_बोरिवली

टक्केवारीवर सगळे बोलतील, मी क्रमाबद्दल सांगते, कारण माझे नुकसान तिथे झाले.

आमच्या संमतीच्या अटींत एकच ओळ होती : "सदर सदनिका पत्नीकडे राहील व उर्वरित कर्ज पती फेडेल." २०१९ मध्ये घटस्फोटाचा हुकूमनामा (डिक्री) मिळाला आणि मी निश्चिंत झाले. चार महिन्यांनी हप्ते थांबले. मी हुकूमनाम्याची प्रत घेऊन बँकेत गेले तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने ती सौजन्याने वाचली, परत दिली आणि म्हणाले, "मॅडम, हा करार तुमच्या दोघांतला आहे, आमच्या कागदावर दोघेही कर्जदार आहात." ते बरोबरच होते. बँक त्या अटींत पक्षकार नव्हती. तीन चुकलेल्या हप्त्यांनी माझी पतनोंद (क्रेडिट रेकॉर्ड) बिघडली आणि पुढे माझ्या एकटीच्या नावाने कर्ज करून घेताना व्याजदर वाढीव बसला.

दुसरा धक्का मुद्रांकाचा. पती आपला निम्मा हिस्सा माझ्या नावे करायला तयार होते, पण तोवर आम्ही पती-पत्नी राहिलो नव्हतो. महाराष्ट्रात राहते घर पती किंवा पत्नीला बक्षीसपत्राने दिले तर मुद्रांक शुल्क २०० रुपये असते, पण ही सवलत नात्याला आहे आणि ते नाते हुकूमनाम्याच्या दिवशी संपते. मला निम्म्या हिश्श्याच्या बाजारभावावर पूर्ण शुल्क भरावे लागले आणि त्यात चार लाखांवर गेले. त्या पैशांतून मुलाचे अकरावी-बारावीचे क्लास झाले असते.

---

वांद्रे_कचेरी

बोरिवलीच्या ताईंनी लिहिले आहे ते प्रत्येक अशिलाला मी पहिल्या भेटीत सांगतो, त्यात थोडी भर घालतो. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात हस्तांतराच्या व्याख्येतच दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा धरलेला आहे, त्यामुळे "कोर्टाने लिहून दिले म्हणजे शुल्क नाही" हा समज चुकीचा आहे. काही जण हक्कसोडपत्र सुचवतात, पण त्याची नाममात्र शुल्काची सवलत वडिलोपार्जित मालमत्तेपुरती आहे, तुमच्यासारख्या खरेदीच्या फ्लॅटला ती मिळत नाही. म्हणून पत्नीच्या नावे हिस्सा करायचा असेल तर बक्षीसपत्र, आणि तेही हुकूमनाम्याच्या आधी. शुल्काव्यतिरिक्त अधिभार किती बसेल हे दुय्यम निबंधक कार्यालयात आधी विचारून घ्या. बक्षीसपत्र हे मोबदल्याविना असते, तेव्हा त्यात "पोटगीच्या बदल्यात" असे शब्द कोणी घालत असेल तर थांबा आणि मसुदा वकिलाकडून नीट करून घ्या.

इथे पतींची बाजूही नीट समजून घ्यायला हवी. बक्षीसपत्र आधी केले आणि नंतर पत्नीने न्यायालयात संमती मागे घेतली, तर ते हात चोळत बसतील, कारण हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. याच भीतीने पती "आधी घटस्फोट, मग कागद" म्हणतात आणि पत्नी "आधी कागद" म्हणते. माझ्या कचेरीत यावर चालत आलेला मार्ग असा : अर्ज दाखल करताना अटी पूर्ण तपशिलाने लिहायच्या, संमतीच्या घटस्फोटात अर्जानंतर थांबाव्या लागणाऱ्या सहा महिन्यांत बँकेचे काम उरकायचे, आणि बक्षीसपत्राची नोंदणी शेवटच्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात करायची. २०१७ पासून ही सहा महिन्यांची अट योग्य प्रकरणी शिथिल करता येते, पण तुमच्या प्रकरणात बँकेला वेळ लागणार असल्याने मी ती शिथिल करून घेण्याची घाई करणार नाही.

घर ठेवायचे आणि पैसे नाहीत, या अडचणीवर आणखी एक वाट आहे. फ्लॅट मुलीची दहावी होईपर्यंत दोघांच्या नावावर ठेवायचा, हिस्सा आजच टक्क्यांत लिहून नोंदवायचा, राहण्याचा हक्क तुम्हाला, आणि त्या तारखेनंतर विक्री किंवा तेव्हाच्या बाजारभावाने खरेदी. यात दोघांना पाच वर्षे एकमेकांशी व्यवहार ठेवावा लागतो. तुम्ही दोघे शांतपणे बोलू शकता असे दिसते, म्हणून सुचवले, एरवी मी हे सुचवत नाही.

---

माजी_सचिव_चेंबूर

सोसायटीच्या बाजूने दोन शब्द. सोसायटीला हुकूमनामा दाखवून भागत नाही, नोंदणीकृत कागद लागतो, त्यावरून भाग प्रमाणपत्राच्या (शेअर सर्टिफिकेटच्या) मागे नाव चढते. कुटुंबांतर्गत हस्तांतराला अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) घेऊ नये असा नियम आहे, त्यामुळे कोणी पंचवीस हजार मागितले तर लेखी कारण मागा. पुनर्विकासाची बोलणी असतील तर विकासकाशी पर्यायी जागेचा करार होण्याआधी नावांचा प्रश्न मिटवा, कारण भाग प्रमाणपत्रावर ज्यांची नावे त्यांच्याशीच तो करार होतो आणि तात्पुरत्या घराच्या भाड्याचे धनादेशही त्याच नावांनी निघतात. आमच्या इमारतीत एका विभक्त जोडप्याचे अकरा महिन्यांचे भाडे सही कोणाची यावरून विकासकाकडे पडून होते.

आणि नामनिर्देशन. सोसायटी, विमा, निर्वाह निधी, बँक खाते, डीमॅट, प्रत्येक ठिकाणचा अर्ज नव्याने भरा. घटस्फोटाने जुने नाव आपोआप पुसले जाईल यावर विसंबू नका.

---

निशिगंध_मुलुंड

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी आम्ही दोघे मुलुंडच्या घरी बसलो. मी ताळेबंद यांचे गणित एका कागदावर उतरवून समोर ठेवले. ते बराच वेळ व्याजाच्या आकड्याकडेच पाहत राहिले. एवढे व्याज गेले हे त्यांनी कधी मोजलेच नव्हते. मग त्यांनी स्वतःचे आकडे सांगितले : गाडी, दोन उन्हाळी सुट्ट्यांचे प्रवास, माझ्या वडिलांच्या शस्त्रक्रियेला दिलेले तीन लाख. शेवटची रक्कम मी खरोखर विसरले होते, ती त्यांच्या बाजूला लिहिली. माझ्याकडून ४५:५५ हा आकडा गेला आहे, त्यात मी स्वतःसाठी पोटगी मागणार नाही, निर्वाह निधी आणि संगमेश्वरची जमीन यांना हात लावणार नाही, मुलीची फी निम्मी-निम्मी. त्यांनी विचार करायला आठ दिवस मागितले आहेत. दहावीपर्यंत घर न विकण्याची कल्पना मात्र त्यांना लगेच पटली. गुरुवारी दोघे मिळून बँकेत जाणार आहोत, मंजुरीपत्राची प्रत मागायला आणि माझ्या एकटीच्या पगारावर किती कर्ज बसते ते विचारायला.

सोन्याचे मात्र अजून जमलेले नाही. सासूबाईंनी शनिवारी लॉकर उघडायला बोलावले आहे. जाताना काय काळजी घ्यावी?

---

वांद्रे_कचेरी

आईच्या वहीचे ते पान आणि लग्नाची छायाचित्रे सोबत न्या, पण मूळ पान हातातून सोडू नका, छायाप्रत द्या. तिसरी, दोघांनाही मान्य अशी वडीलधारी व्यक्ती बरोबर असू द्या. प्रत्येक दागिन्याचे छायाचित्र काढा, जवळच्या सराफाकडे वजन करून घ्या आणि त्याच दिवशी दोन प्रतींत यादी करून सर्वांच्या सह्या घ्या. सहा तोळ्यांवर एकमत झाले नाही तर ते तसेच ठेवून बावीस तोळे ताब्यात घ्या आणि यादीत "उर्वरित दागिन्यांवरील हक्क राखून" असे लिहा.

---

निशिगंध_मुलुंड

तसेच करते. नथ लॉकरमध्ये नाही, ती पहिल्यापासून माझ्याच कपाटात आहे आणि सासूबाईंना ते ठाऊक नसावे. यादीत ती मी स्वतःच लिहून घेणार आहे.